मधेच बंद पडणारं मशीन

त्यांना सगळे हॅलोभाऊ म्हणतात. खरं नाव विजेच्या बिलावर आहे. ते बिल मी कितीदा तरी झेरॉक्स करून दिलंय, तरी आत्ता विचारलंत तर मला सांगता येणार नाही. धंदा माइक-स्पीकर भाड्यानं देण्याचा आणि दुरुस्तीचा. सभा, लग्न, कुणाच्या निवृत्तीचा निरोप, जिथे एका माणसाचं शंभर माणसांना ऐकवायचं असतं तिथे हे हजर. माइकसमोर उभं राहायचं, ‘हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन’ म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. तीस वर्षं माइकसमोर उभा राहिलेला हा माणूस तीनच्या पुढे कधी गेलेला नाही.

त्यांच्या आणि माझ्या दुकानांच्या मध्ये प्लायवूडची भिंत आहे. भिंत आपली म्हणायची. पलीकडे डाग लावायची धातूची तार वितळली की वास इकडे येतो, आणि माझं झेरॉक्स मशीन अडलं की मी त्याला काय बोलते ते तिकडे जातं. मी तोंडाची फटकळ आहे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्यानं घोटाळा झाला.

हॅलोभाऊंच्या कामाचे दोन नियम. पहिला, आवाज येत नसला की माइकपासून सुरुवात करून वायर बोटानं चाचपत स्पीकरपर्यंत जायचं. “आवाज कुठेतरी थांबलेला असतो, ताई. तो कुठे थांबलाय तेवढं शोधायचं,” असं ते मला नेहमी सांगत. दुसरा नियम, ऐकू येत नाही अशी तक्रार आली की वाढवायचं. समोर बसलेले लोक कायम ‘वाढवा’ म्हणतात. ‘कमी करा’ म्हणणारे शेजारीपाजारी असतात, आणि त्यांचं कोण ऐकतं?

अशा माणसाच्या मुलीला ऐकू कमी येतं. यावर गावानं जेवढे विनोद करायचे तेवढे करून झालेत, मी भर घालत नाही. मुलीला घरात गोटी म्हणतात. दोन वर्षांची असताना ताप डोक्यात गेला आणि उतरताना उजवा कान पूर्ण आणि डावा अर्धा घेऊन गेला. डाव्या कानामागे मशीन आहे, शेंगदाण्यापेक्षा थोडं मोठं. त्याला आवाज कमी-जास्त करायचं बारीक चाक आहे, आणि एका झाकणाखाली दोन स्क्रू आहेत. चाक गोटीचं, स्क्रू डॉक्टरांचे, असं ठरलेलं. डॉक्टरांनी आणखी एक सांगून ठेवलं होतं, की वाढत्या वयात उरलेलं ऐकणं कमी होऊ शकतं, होईलच असं नाही. ते गोटीला सांगायचं नाही असं आईबापांचं ठरलं होतं.

गोटी सहावीत. शाळा सुटली की ती बापाच्या दुकानात बसायची, कारण आई कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावते आणि सहाच्या आत सुटत नाही. खोकी बाजूला सारून, फाटक्या स्पीकरवर वही ठेवून गृहपाठ. मला मावशी म्हणायची. आमचं छान होतं. माझ्याशी बोलताना तिला मशीनची गरज पडत नाही असं तिची आई म्हणे, आणि ते माझ्या आवाजाला उद्देशून असे.

त्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांनी गोटी मशीन हातात घेऊन आली. “बाबा, मधेच बंद पडतं.”

हॅलोभाऊंनी चष्म्यावर भिंग चढवलं. सेल काढला, घातला. मशीन कानाला लावून बघितलं. चालू होतं. दोन दिवसांनी तीच तक्रार. पुन्हा तपासणी, पुन्हा मशीन ठणठणीत. तिसऱ्यांदा त्यांनी नीट विचारलं, “सगळंच बंद पडतं का?”

“नाही. पंख्याचा आवाज येतो. बाकांचा येतो. माणसांचा जातो.”

हे ऐकून हॅलोभाऊंना एकदम उलगडा झाला. निदान त्यांना तसं वाटलं. पंख्याची घरघर म्हणजे खालचा सूर, बोलणं म्हणजे वरचा. वरचा सूर कमी पडतोय, हे त्यांच्या धंद्यातलं पोरही सांगेल. डॉक्टरांची तारीख दोन महिन्यांनंतरची होती. त्यांनी झाकण उघडलं आणि सगळ्यात बारीक स्क्रूड्रायव्हरनं वरच्या सुराचा स्क्रू पाव फेरा फिरवला. आठ दिवसांनी आणखी पाव, मग तक्रार आली की आणखी थोडा. मी भिंतीपलीकडून ऐकत होते. मला त्यातलं काय कळतंय? मी मनात म्हटलं, बाप हुशार आहे म्हणून पोरीचं बरं चाललंय.

स्क्रू फिरवल्यावर मशीन मधून मधून शिट्टी मारायला लागलं. वर्गात गोटीचं नाव ‘कुकर’ पडलं. ते तिनं स्वतःच हसत हसत सांगितलं. पण डोकं दुखतं म्हणायची, आणि गणितात शंभरातले ऐंशी आणणारी मुलगी चाळिसावर आली. वर्गाच्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं की मुलगी तासाला अचानक कान दाबून किंचाळते, लक्ष नसतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, हॅलोभाऊंना बोलावून एक फॉर्म हातात ठेवला. दुसऱ्या शहरात अशा मुलांची निवासी शाळा आहे, सत्र संपेपर्यंत बघू, नाही जमलं तर तिच्या भल्यासाठी तिकडे हलवा. फॉर्म घेऊन ते दुकानात आले आणि दिवसभर एकाही वस्तूला हात लावला नाही. अकरा वर्षांची मुलगी, आठवड्यातून एकदा फोन आणि फोनवर तिला धड ऐकू येत नाही. त्यांना ती घरात हवी होती. एवढंच त्यांचं मागणं होतं.

खरा प्रकार मी पाहिला, तोही माझ्याच दुकानात.

दुपारची वेळ. गोटीच्या वर्गातली चार मुलं प्रकल्पाची पानं काढायला आली होती. त्यातल्या एकाला आमच्या गल्लीत सगळे ‘वक्ता’ म्हणत. भाषणाच्या स्पर्धा जिंकायचा, पाहुण्यांचं स्वागत करायचा, भांग पाडलेला, नमस्कार करणारा मुलगा. मलाही आवडायचा. तेवढ्यात गोटी सुटे पैसे मागायला आली. वक्ता तिच्या समोर उभा राहिला आणि बोलायला लागला. हातवारे, भुवया, सगळं व्यवस्थित. झेरॉक्स मशीन चालू होतं म्हणून मला ऐकू येत नाही असं वाटलं. मशीन थांबलं. तरी ऐकू येईना. पोरगा नुसतेच ओठ हलवत होता, तेही काहीच्या बाही, म्हणजे ओठ वाचूनही काही हाती लागू नये.

गोटी म्हणाली, “काय?”

तो पुन्हा तसाच बोलला. गोटीचा हात कानामागे गेला आणि बोटानं चाक फिरवलं. पोरं त्याचीच वाट पाहत होती. तिच्या मागे उभ्या असलेल्या पोरानं माझ्या लोखंडी कपाटावर पंजा आपटला, अगदी तिच्या कानाशी. गोटी खाली बसली. “म्यूट! म्यूट!” असं ओरडत चौघं हसले. मी पट्टी घेऊन काउंटरबाहेर येईपर्यंत ते कोपऱ्यावर पोचले होते. पानं तशीच राहिली. ती मी फाडून टाकली.

गोटी उठली, फ्रॉक झटकला. तिला पाठीमागचं काही दिसलं नव्हतं. “मावशी, माझं मशीन परत बंद पडलं. आणि मग एकदम खूप चालू झालं.”

तेव्हा सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण तिचं तोंड बघून माझी जीभ रेटेना. मी म्हटलं, “हो का? बाबांना दाखव.”

संध्याकाळी ती गेल्यावर मी हॅलोभाऊंना सांगितलं. ते ऐकत होते आणि हातातला स्क्रूड्रायव्हर बोटांत गोल गोल फिरवत होते. मग तो खाली ठेवला आणि म्हणाले, “मी वाढवत गेलो, ताई.”

मला आधी कळलं नाही. मग कळलं. जेवढा त्यांनी स्क्रू फिरवला, तेवढा त्या पंज्याचा दणका तिच्या कानात जास्त. दोन महिने माइकपासून स्पीकरपर्यंत तपासत बसले, आणि बोलणारा बोलतोय की नाही हेच बघायचं राहिलं. बिघाड शोधणाऱ्याचं पहिलं बोट मशीनवर जातं, त्याला ते काय करणार? पण हे मी आज म्हणते. त्या दिवशी मी फक्त “मग आता तरी तो स्क्रू मागे फिरवा” म्हटलं. ते म्हणाले, किती फिरवलाय ते आता नक्की आठवत नाही, डॉक्टरांकडेच करून घेतो. तारीख दोन आठवड्यांवर होती.

“गोटीला सांगायचं ना?” मी विचारलं.

“नको. वर्गातली सगळी तिला आपली वाटतात. कुकर म्हणतात तेही कौतुकानं सांगते. तेवढं राहू दे. मी शाळेत बोलतो.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मोठ्या बाईंकडे गेलो, मी साक्षीदार. त्यांच्या खोलीत एका कपाटात ढाली होत्या. त्यातल्या निम्म्या वक्त्यानं आणलेल्या, हे त्यांनीच सांगितलं. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, “म्हणजे तो तिला काय म्हणाला?”

“काहीच नाही. आवाजच काढला नाही.”

“मग चिडवलं कसं?”

या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते मला त्या खुर्चीत बसून सुचलं नाही. हॅलोभाऊ ढालींकडे बघत होते. मोठ्या बाई वाईट नाहीत. सहाशे मुलं सांभाळतात. त्यांनी सौम्यपणे सांगितलं की मुलं आहेत, खेळतात, या मुलीला गैरसमज पटकन होतात, फॉर्मचं मनावर घ्या. आणि शनिवारी बक्षीस समारंभ आहे, साउंड दरवर्षीसारखा तुमचाच.

परतताना माझं डोकं तापलेलं होतं. मी म्हटलं, “शनिवारी त्याचं भाषण आहे. बटण तुमच्या हातात आहे. दोन मिनिटं त्यालाच म्यूट करा, सगळ्या शाळेसमोर. म्हणजे कळेल काय असतं ते.”

बोलून गेले, झालं. हॅलोभाऊ पुढे चालत राहिले. मला वाटलं, ऐकलंच नाही.

शनिवारी सकाळी दहाला सभागृह भरलं. सभागृह म्हणजे पत्र्याच्या छताची लांबट खोली, वर आठ पंखे, पुढे लाकडी मंच. हॅलोभाऊंचं टेबल भिंतीला लागून, त्यावर खालीवर सरकणाऱ्या बटणांचा खोका. कार्यक्रमपत्रिका मी छापून दिल्या होत्या म्हणून मला त्यांच्याजवळ खुर्ची मिळाली. गोटी मुलांमध्ये चौथ्या रांगेत, कडेला. माइकची चाचणी झाली. एक, दोन, तीन. स्वागत, अहवाल, पाहुण्यांचा परिचय. मग वक्ता.

विषय होता वेळेचं महत्त्व. दोन वाक्यं खणखणीत झाली. तिसऱ्याला हॅलोभाऊंनी एक बटण बोटानं सावकाश खाली ओढलं आणि वाकून टेबलाखालच्या वायरी बघायला लागले. स्पीकर गप्प झाले. पोराला आधी कळलंच नाही. हातवारे चालू, ओठ चालू. खोली एवढी मोठी आणि वर आठ पंखे, त्याचा स्वतःचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचेना. पहिल्यांदा मागची मुलं हसली, मग मधली. त्यानं माइकवर फुंकर मारली, बोटानं ठोकलं. आमच्या टेबलाकडे बघितलं. मग माइकची दांडी दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आतून गार वाटलं.

मग मी गोटीकडे बघितलं. ती हसत नव्हती. ती मंचाकडे डोळे लावून बसली होती, पुढे वाकून, आणि तिचा हात कानामागे होता. ओठ हलताहेत. पंख्यांची घरघर येतेय. माणसाचा आवाज येत नाही. ती चाक फिरवत होती.

हॅलोभाऊंनी त्याच क्षणी मान वर केली. त्यांनीही ते बघितलं. त्यांचं बोट बटणावर गेलं आणि थांबलं. आता बटण वर सरकवलं तर सगळा आवाज तिच्या कानात जाणार, आणि नाही सरकवलं तर ती आणखी वाढवणार. त्यांनी बटण तसंच सोडलं आणि रांगांमधून तिच्याकडे निघाले, मुलांचे गुडघे, दप्तरं ओलांडत. पण मागच्या पोरांनी एव्हाना एका तालात टाळ्या धरल्या होत्या. त्या पुढे पसरल्या. पत्र्याचं छत, तीनशे मुलांच्या टाळ्या.

गोटीनं दोन्ही हातांनी कान धरला आणि ती बाकाखाली गेली. किंचाळली असेल, टाळ्यांत कुणाला कळलं नाही. हॅलोभाऊ पोचले तेव्हा तिनं मशीन काढून मुठीत धरलेलं होतं. ते तिनं बापाच्या हातात ठेवलं. त्यांच्या तळहातावर ते शिट्टी मारत होतं.

त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासलं. पडद्याला काही झालेलं नाही, दोन दिवस दुखेल. स्क्रू कुणी फिरवला असं विचारलं आणि उत्तर ऐकून जे बोलायचं ते बोलले. स्क्रू जागेवर आणून दिला. पण गोटीनं मशीन लावलं नाही. लावू का असं आईनं विचारलं की नाही म्हणून मान हलवायची. शाळेतही जाईना. आई म्हणाली, दुखतंय म्हणून घाबरलीय, जरा दम धरा.

सोमवारी हॅलोभाऊ एकटेच मोठ्या बाईंकडे गेले आणि सांगितलं, की माइक बिघडला नव्हता, मी बंद केला होता. मी त्यांना परोपरीनं सांगितलं होतं की गप्प बसा, कुणाला संशय नाही, वायर सैल झाली म्हणा. ते म्हणाले, “तीस वर्षांत वायर सैल नसताना सैल आहे असं सांगितलेलं नाही.” आपल्या कामाचा असा माज असलेला माणूस, त्याच्यापुढे आपण काय बोलणार?

गंमत अशी, की पोरीचं म्हणणं कुणी मनावर घेतलं नव्हतं, पण वक्त्याचं भाषण कुणीतरी मुद्दाम पाडलं म्हटल्यावर शाळा हलली. त्याच्या वडिलांना बोलावलं. का केलं, हा प्रश्न आता विचारणं भागच होतं. पोरगा रडला आणि कबूल झाला. मग वर्गाच्या बाईंनीही तोंड उघडलं, की हा खेळ मी पाहिला होता, मला वाटलं मुलं मूकाभिनय करताहेत. चौघांच्या जागा बदलल्या, पालकांकडून लिहून घेतलं, गोटीशी बोलताना तिच्या समोर उभं राहून मोठ्यानं बोलायचं असा वर्गात नियम झाला. वक्ता वडिलांबरोबर दुकानात माफी मागायला आला. हॅलोभाऊंसमोर उभं राहून त्यानं माफी सुरेख म्हटली, चढउतारांसह. मला अजून त्याचा राग येतो. बारा वर्षांचं पोर आहे, मान्य. मंचावर तो माइकची दांडी धरून उभा होता तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. ते मला चार दिवसांनी वाटलं.

हॅलोभाऊंनीही त्याची माफी मागितली. शाळेचं साउंडचं काम गेलं, ते दुसऱ्या कुणाला मिळालं.

हे सगळं मोठ्या माणसांत झालं. गोटी घरी होती. तिला दुखतंय, तिला त्रास नको, म्हणून तिच्यापर्यंत यातलं काही गेलं नाही. आम्ही सगळे तिच्यासाठी इतके धावत होतो, की तिला भेटायला कुणाला वेळ झाला नाही.

शुक्रवारी बापलेक माझ्या काउंटरवर आले. हॅलोभाऊंच्या हातात तो निवासी शाळेचा फॉर्म होता. “हिनंच भरलाय,” ते म्हणाले. “जायचं म्हणते. आईनं समजावलं, मी समजावलं. ऐकत नाही. एक प्रत काढून द्या.” त्यांनी तो वाचलेला नव्हता. मुलीचं अक्षर सुंदर आहे आणि ते बघवत नव्हतं, एवढंच कारण.

मी फॉर्म काचेवर पालथा ठेवण्याआधी नजर टाकली. ती माझी सवय आहे, लोकांचे कागद मी वाचते. ‘सध्या किती ऐकू येते’ असा एक रकाना होता. त्यात गोटीनं लिहिलं होतं, ‘पूर्वी थोडे येत होते. आता माणसांचे येणे बंद झाले.’

मी फॉर्म सुलटा केला आणि त्या ओळीवर बोट ठेवून हॅलोभाऊंसमोर धरला.

त्यांनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग काउंटरवरच्या रद्दी कागदांतला एक कोरा बघून ओढला आणि माझं पेन घेतलं. गोटी आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘तुझे कान गेलेले नाहीत. शनिवारी माइक मी बंद केला होता. मुद्दाम. त्या मुलाला शिक्षा म्हणून.’ मग खाली लिहिलं, ‘आधीही मशीन कधी बंद पडलं नव्हतं. मुलं आवाज न काढता नुसते ओठ हलवत होती. तुला फसवायला.’

गोटीनं कागद वाचला. कितीतरी वेळ वाचत होती, तीन-चार ओळींना लागत नाही एवढा वेळ. मग बापाच्या शर्टाच्या खिशात हात घालून तिनं मशीन काढलं. ते आठवडाभर तिथेच होतं. कानामागे लावलं, चाक थोडं फिरवलं.

“आता तोंडानं सांगा.”

हॅलोभाऊंनी सगळं तोंडानं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. स्क्रू फिरवल्याचंही सांगितलं.

“म्हणजे होतं तेवढं आहे?” तिनं विचारलं.

“होतं तेवढं आहे.”

“डॉक्टर म्हणाले होते कमी होत जाईल. आईला म्हणाले तेव्हा मी समोर होते. मला ओठ वाचता येतात, बाबा.” ती फॉर्मकडे बघत बोलत होती. “मला वाटलं सुरू झालं. आधी वर्गातल्यांचे आवाज गेले, मग तुमचे जाणार. म्हणून मी रोज तुमचा आवाज पाठ करत होते. तुमचा आणि आईचा. नंतर आठवायला.”

हॅलोभाऊ खुर्चीत बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. मी उगाचच झेरॉक्स मशीनचं झाकण उघडलं, मिटलं.

“तुम्हाला कधी कळलं?”

“समारंभाच्या आधी. चार दिवस.”

“मग मला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर मी चाक फिरवलंच नसतं.”

तुला वाईट वाटू नये म्हणून, हे उत्तर त्या वेळी तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. गोटीनं काउंटरवरचा फॉर्म घेतला, दोन घड्या घातल्या आणि दप्तरात टाकला. “सोमवारी शाळेत जाते,” ती म्हणाली, जणू गृहपाठाबद्दल सांगतेय. मला वाटलं, संपलं. मी सुस्कारा सोडला.

मग ती माझ्याकडे वळली.

“मावशी, तुम्हालाही माहीत होतं?”

कपाटावर पंजा आपटला तेव्हा मी चार पावलांवर होते. तिच्या आधी, तिच्या बापाच्या आधी, मला माहीत होतं. मी मान डोलावली.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

“आवाज काढून सांगा.”

“हो,” मी म्हटलं. “मला माहीत होतं.”